आमच्या गावातलं पाणी नक्की कोणतं खातं सांभाळतं? (कालवा, बोअर, बंधारा, ओढा)

चारीचं_टोक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय इथं, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबणार आहे थोडा, पण सगळं एका ठिकाणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी मराठवाड्यातला. आमचं गाव एका मध्यम प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येतं, म्हणजे कागदावर येतं. आमची चारी, म्हणजे कालव्याची लहान शाखा, शेवटची आणि त्या चारीच्या पण शेवटाला आमचं शिवार. यंदा धरण भरलं, सांडवा वाहिला, रब्बीचं पहिलं आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुटलं, वरची गावं भिजली आणि आमच्यापर्यंत आलं ते चारीचा तळ ओला होण्यापुरतं. पाटबंधाऱ्याच्या सेक्शन ऑफिसला गेलो तर म्हणे पाणी सोडलेलं आहे, वर कुणी फोडलं असेल तर आम्ही काय करणार. बरं मग विहिरीवर भागवावं तर आजूबाजूला पाचशे-सहाशे फुटांचे बोअर झालेत, गावाची पिण्याची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. त्याची तक्रार तहसीलला दिली, तिथं सांगितलं भूजलवाल्यांचा अहवाल लागेल. गावाच्या ओढ्यावर केटी वेअर म्हणजे कोल्हापुरी बंधारा आहे, त्याचे निम्मे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) गायब. ते जलसंधारणकडं. जलसंधारणवाले म्हणतात बंधारा ग्रामपंचायतीकडं दिलाय, ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडं तसा कागदच नाही. आणि आता दोन हंगाम झाले, वरच्या अंगाच्या एका कारखान्याचं मळीचं पाणी रात्री ओढ्यात येतं, सकाळी सगळ्या वस्तीवर वास.

चार तक्रारी, चार ऑफिसं, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच की हे आमच्याकडं येत नाही. मला कुणाला शिव्या घालायच्या नाहीत. मला एवढंच कळायला पाहिजे की कायद्यानं कुठलं काम कुणाचं आहे आणि आमच्यासारख्यानं कुठला कागद कुणाच्या टेबलावर ठेवला तर तो हलतो. इथं खात्यातली, शेतीतली, वकिलीतली माणसं आहेत म्हणून विचारतोय.

निवृत्त_शाखा_अभियंता

चांगला धागा काढलात. मी पाटबंधाऱ्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे कालव्याचं तेवढं नीट सांगू शकतो, बाकीचं इतर जण सांगतील.

कालवा जलसंपदा खात्याचा. खात्याखाली पाच महामंडळं आहेत, कृष्णा खोरे १९९६ चं आणि मग विदर्भ, तापी, कोकण, गोदावरी मराठवाडा ही १९९७-९८ मधली. तुमचा प्रकल्प गोदावरी मराठवाड्याकडे किंवा खालच्या बाजूला असाल तर कृष्णा खोऱ्याकडे असणार. पण तुमच्या चारीचा मालक म्हणाल तर कायद्याच्या भाषेत कालवा अधिकारी, आणि त्याचे अधिकार येतात महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ मधून. कालवा फोडणं, गेट मोडणं, पाळी नसताना पाणी घेणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. मग कारवाई का होत नाही? तर त्यासाठी आधी लाभक्षेत्र अधिसूचित झालेलं लागतं, कालवा अधिकाऱ्याचं कार्यक्षेत्र अधिसूचित लागतं, आणि ही बारीक कामं कितीतरी प्रकल्पांवर वर्षानुवर्षं झालीच नाहीत. कायदा १९७६ चा, पण त्याचे नियमच केले नाहीत आणि दशकानुदशकं आम्ही १९३४ चे मुंबई कालवे नियम घेऊन काम करत होतो. पाण्याचे अभ्यासक प्रा. प्रदीप पुरंदरे यांनी या गोष्टी किती वर्षं लिहून काढल्यात, औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले ते. केस उभी राहायला लागणारा पायाच नसेल तर कालवा निरीक्षक पंचनामा करून करणार काय, त्यालाही ते माहीत असतं आणि फोडणाऱ्यालाही.

दुसरी गोष्ट माणसांची. माझ्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक शाखेत मोजणीदार, पाटकरी, कालवा टपाली, निरीक्षक असा सगळा संच असायचा. पाटकरी रात्री कंदील घेऊन चारीवर फिरायचा, कुणाचं दार किती वाजता उघडायचं ते त्याला तोंडपाठ. निवृत्त झाले तशा जागा रिकाम्या राहिल्या. मी सुटलो तेव्हा एका निरीक्षकाकडं आधी तिघांचं असलेलं काम होतं. तो माणूस रात्री दोन वाजता टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, पोचणारच नाही.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या चारीच्या मुखाशी मोजयंत्र आहे का बघा. सिमेंटचं अरुंद गळ्याचं बांधकाम असतं, त्याला कटथ्रोट फ्ल्यूम म्हणतात, शेजारी भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली असते. पाणी चालू असताना त्या पट्टीवर किती सेंटिमीटर आहे ते बघायचं आणि तक्त्यावरून क्युसेक काढायचा, काही अवघड नाही, दहावीच्या पोराला जमतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, दिवसभर चालला तर साधारण साडेचोवीस लाख लिटर. हा आकडा तुमच्या हातात असेल तर "पाणी सोडलंय" या वाक्याला उत्तर देता येतं. नसेल तर नाही.

ऊसवाला_दौंड

काका एकदम बरोबर. आमच्याकडं पट्टीच पुसून गेलीय, कुणी रंगवत नाही.

चारीचं_टोक

@निवृत्त_शाखा_अभियंता काका, फ्ल्यूम आहे पण गाळानं अर्धा बुजलाय आणि खालच्या अंगाला कुणीतरी दगड लावून पाणी तुंबवलंय. अशात वाचन खरं येईल का? आणि सात नंबरचा फॉर्म (पाणी मागणीचा अर्ज) आम्ही भरतच नाही, पाणीच येत नाही तर कशाला भरायचा असं गावात सगळ्यांचं.

निवृत्त_शाखा_अभियंता

खालून तुंबारा असेल तर वाचन फुगलेलं दिसेल, म्हणजे पट्टीवर पाणी जास्त आणि प्रत्यक्षात कमी. आधी तो साफ करून घ्या, ठराव करून पत्र द्या, आणि साफ करताना फोटो काढा.

आणि फॉर्म भरत नाही हे तुमच्या विरोधात जातं, भाऊ. सात नंबरचे अर्ज आले नाहीत म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे शेजपाळीच्या, म्हणजे कुणाला कधी पाणी द्यायचं त्या, कार्यक्रमात तुमचे गट नाहीत, आणि मग वर पाणी वापरलं तर ते नियमातच बसतं. पाणी येवो न येवो, प्रत्येक हंगामाचं जाहीर प्रकटन निघालं की मुदतीत सगळ्या खातेदारांचे अर्ज द्या आणि पोच घ्या. शेजपाळी खरं तर टेलकडून हेडकडे यायची असते, आधी शेवटचा शेतकरी मग वरचा. तुमच्याकडं पोच असेल तर तेवढं म्हणायला जागा आहे की आमची पाळी कार्यक्रमात कितव्या तारखेला होती ते दाखवा.

द्राक्षबाग_दिंडोरी

आमचा अनुभव सांगते. मी वाघाडच्या लाभक्षेत्रातली. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे, आणि आमच्याकडंही एके काळी हेच होतं, वरच्यांना पाणी आणि खालच्यांना वाट. नव्वदच्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, टेलच्या गावांमध्ये पहिल्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. टेलला सुरुवात केली हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गरज त्यांना होती. पुढं संस्था वाढत वाढत २४ झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडं आलं.

चालतं कसं, तर खातं आम्हाला पाणी मोजून देतं, एकरावर नाही, घनमीटरवर. संस्थेचा हंगामाचा कोटा ठरलेला असतो. तो कोटा आतमध्ये कसा वाटायचा, कुठलं पीक घ्यायचं, ते आमचं आम्ही ठरवतो. पाणीपट्टी संस्था गोळा करते आणि खात्याला भरते. कोट्यातलं पाणी वाचलं तर ते आपलं, म्हणून लोक ठिबक स्वतःहून घेतात, कुणी सांगावं लागत नाही. माझे सासरे संस्थेत संचालक होते, पाणी चालू असलं की त्यांचं जेवण चारीवरच जायचं.

२००५ चा कायदा आहे, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. त्यात संचालक मंडळात हेडचे, मधले आणि टेलचे असे सारखे प्रतिनिधी घ्यावे लागतात. म्हणजे चारीचं_टोक दादा, तुमच्या शिवारातल्या माणसाला तिथं बसायचा हक्क कायद्यानं आहे. आणि संस्थेकडं चारी देण्याआधी खात्यानं ती दुरुस्त करून, संयुक्त पाहणी करून, पाणी टेलपर्यंत पोचतंय हे दाखवून द्यायची असते. सही करायच्या आधी हे करून घ्या, मोडकी चारी ताब्यात घेऊ नका, नंतर कुणी विचारत नाही.

शिवारफेरी

ताई, वाघाडचं कौतुक आहेच पण राज्यात हजारो संस्था नुसत्या रजिस्टरला आहेत. कागदोपत्री संस्था, बोर्ड लावलाय, खोलीला कुलूप. खात्याला टार्गेट होतं म्हणून झाल्या त्या. वाघाडला मागं लागणारी माणसं होती, सगळीकडं कुठून आणायची?

द्राक्षबाग_दिंडोरी

शिवारफेरी, खरंय. माणसं लागतातच. पण आमच्याकडची माणसंही पहिली काही वर्षं अशीच हेलपाटे घालत होती, मोजून पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. मोजायला लागल्यावर भांडणं कमी झाली. वरच्या संस्थेनं जास्त घेतलं तर ते वहीत दिसतं आणि मीटिंगमध्ये वाचलं जातं, सगळ्यांसमोर.

भूजल_मित्र

बोअरचं मी सांगतो, या क्षेत्रात काम केलंय.

जमिनीखालचं पाणी जलसंपदाकडे येतच नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, आणि ती पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाखाली. बहात्तरच्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. राज्यभर त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा पातळी मोजतात. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कुठली आणि तिच्या मागच्या वर्षांच्या पातळ्या काय, हे जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या ऑफिसात मिळतं. मागा. माहिती अधिकाराची वेळ यायची नाही बहुतेक, ते लोक देतात.

पिण्याच्या विहिरीचं म्हणाल तर १९९३ पासूनच कायदा आहे, सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायची नाही. मग २००९ चा मोठा भूजल अधिनियम आला, तो लागू झाला २०१४ ला. त्यात ६० मीटरपेक्षा म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, ड्रिलिंग रिगवाल्यांची नोंदणी आहे, अधिसूचित क्षेत्रात पाणी उपशावर आणि पिकांवर नियोजन आहे. तुमच्याकडचे सगळे सहाशे फुटांचे बोअर यात कुठं बसतात ते तुम्हीच बघा. तांत्रिक अहवाल जीएसडीए देते पण बोअर बंद करणं, जप्ती, हे महसूलचं काम. म्हणून तुमचा अर्ज दोघांमध्ये फिरतोय. एकाच अर्जात तहसीलदारांना मूळ प्रत आणि वरिष्ठ भूवैज्ञानिकांना प्रत असं द्या, विहिरीपासून त्या बोअरांचं अंतर टेपनं मोजून लिहा, गट नंबर लिहा. "आजूबाजूला बोअर झालेत" असं लिहिलं तर त्यावर कुणी काही करू शकत नाही. "गट अमुक, अंतर १८० मीटर" असं लिहिलं की अहवाल मागवावाच लागतो.

आणि हे पण समजून घ्या की आपला खडक बेसाल्ट. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (छिद्रं असलेला मऊ खडक), मग काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. पाचशे फुटांवर वेगळा समुद्र नाहीये. खोल बोअर बऱ्याचदा वरच्याच थराचं पाणी भेगांतून ओढून घेतो आणि तुमची साठ फुटी विहीर कोरडी करतो. आणि खरंच खोलवर लागलं तर ते फार जुनं पाणी, एकदा उपसलं की आपल्या हयातीत भरत नाही. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असा गावानंच नियम केला, पाऊस मोजून दरवर्षी ताळेबंद मांडतात आणि पाणी कमी असलं तर कुठली पिकं नाही घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. तिथं सरकारी कायद्याच्या आधी गावाचा नियम आला.

ऊसवाला_दौंड

६० मीटरचा नियम आहे हे रिगवाल्याला तरी माहितीय का? आमच्याकडं रात्रभर मशीन चालतं. बाहेरच्या राज्यातल्या गाड्या येतात, पैसे घेतात, सकाळी पसार. परवानगी वगैरे कुणी विचारलेलं मी बघितलं नाही.

भूजल_मित्र

म्हणूनच कायदा कागदावर राहतो. नियमांचं काम लांबलं, पाणलोट समित्या बऱ्याच ठिकाणी झाल्याच नाहीत. पण ५०० मीटरवाली तरतूद जुनी आहे आणि ती वापरून उन्हाळ्यात बोअर बंद केल्याच्या, विहिरी अधिग्रहित केल्याच्या केसेस झालेल्या आहेत. मागणारा पाहिजे.

लातूर_रोड

मी लातूरची. २०१६ चा एप्रिल विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत म्हणायचे, पहिल्या गाडीत दहा टाक्या पाच लाख लिटर. नळाला पाणी नाही, टाकीजवळ जमावबंदी लावली होती. तेव्हा सगळे म्हणत होते आता ऊस कमी करू, आता बोअर थांबवू. नंतर पाऊस झाला, सगळं परत तसंच. कुठल्याही खात्याला नावं ठेवायच्या आधी मला असं वाटतं की आपण पिकाबद्दल बोलतच नाही. धरणाखाली ऊस, बोअरखाली ऊस, आणि मग टेलला पाणी नाही, पिण्याला पाणी नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातच आहे ना की अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकाला ठिबकशिवाय कालव्याचं पाणी द्यायचं नाही? २०१७ ला मंत्रिमंडळानं पण ठरवलं होतं उसाला ठिबक सक्तीचं. झालं काय त्याचं?

ऊसवाला_दौंड

ताई, तुमचा राग समजतो पण उसाला एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) आहे, कारखाना नेतो, पैसे उशिरा का होईना येतात. सोयाबीनचा भाव बघा, तुरीचा बघा. तीन वर्षं तोट्यात गेलेला माणूस पाणी दिसलं की ऊसच लावणार. ठिबक मी केलंय, पण अनुदानाची फाईल लई दिवस रखडते आणि कालव्याचं पाणी पंधरा-वीस दिवसांनी येतं, ठिबकला रोज लागतं, त्यामुळं शेततळं किंवा विहीर असल्याशिवाय कालव्यावर ठिबक चालत नाही. हे मंत्रालयात बसून सक्ती करणाऱ्यानं बघितलं पाहिजे.

लातूर_रोड

शेततळ्याचा मुद्दा पटला. भावाचा पण पटतो. पण ज्याच्या विहिरीचं पाणी गेलं त्या बाईनं दोन किलोमीटरवरून हंडा आणायचा, तिचा हिशोब कुणी मांडत नाही एवढंच म्हणणं आहे.

गोदाकाठ_पैठण

खात्यांचा विषय निघालाच आहे तर समन्यायी पाणीवाटपाचं पण बोलू. २००५ च्या त्याच प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या धरणांमध्ये तूट सारखी वाटायची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीनं २०१३ ला सूत्र दिलं, प्राधिकरणानं २०१४ ला आदेश काढला, हायकोर्टानं २०१६ ला मान्य केलं. त्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी सोडायचं. २०२३ ला ८.६ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) आदेश निघाला ऑक्टोबरच्या शेवटी आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट आला. दर वेळी आंदोलनं करून आमचं हक्काचं पाणी मागावं लागतं.

प्रवरा_माय

दादा, आमची पण बाजू ऐका. भंडारदरा १९२६ चं आहे, जायकवाडीच्या पन्नास वर्षं आधीचं. आमच्या आज्यांनी ब्लॉक (वर्षानुवर्षांसाठी पाणी मंजूर झालेले जमिनीचे तुकडे) घेतले, त्यावर बागा उभ्या राहिल्या. सोडलेल्या पाण्यातलं किती वाटेत मुरतं? नदी कोरडी असताना सोडलं की वाळूच पिते. पैठणचा शेतकरी आमचा शत्रू नाही पण जायकवाडी एवढं मोठं बांधताना वर किती धरणं होणार आहेत ते बघायला पाहिजे होतं, नंतर वर धरणं बांधताना खाली काय होणार ते पण बघायला पाहिजे होतं.

गोदाकाठ_पैठण

हे मात्र मान्य, नियोजनात दोन्हीकडून जास्त दाखवलं गेलं. पण म्हणूनच पाणी वेळेवर सोडा म्हणतोय आम्ही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नदी ओली असताना सोडलं तर कमी मुरतं. वाटेतल्या बंधाऱ्यांचे बर्गे काढले आणि काठावरची वीज बंद ठेवली तर पोचतं. उशीर केला की दोघांचंही नुकसान.

धागा_संपादक

जायकवाडीवर स्वतंत्र धागा आहे, तिकडे बोलूया सविस्तर. इथे मूळ प्रश्नावर राहू. बंधारा आणि ओढा राहिलेत.

बर्गेवाला

बंधाऱ्याचं मी बोलतो, आमच्या घरात तीन पिढ्या बर्गे घालायचं काम केलंय.

जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्याला लाकडी फळ्या असायच्या, दोन ओळीत घालायच्या आणि मधल्या फटीत चिकण माती ठोकून भरायची. चिकण माती चांगली मळून घ्यावी लागते, खडा राहिला की तिथून चिळकांडी सुटते आणि रात्रीतून भगदाड. आता लोखंडी बर्गे आले, रबरी पट्टी लावायची. रबर दोन-तीन वर्षांत कडक होतं, ते बदलायला पैसे मिळत नाहीत म्हणून गोणपाट आणि प्लास्टिक कोंबतात. लोखंडी बर्ग्यांना भंगारात भाव असतो त्यामुळं चोऱ्या होतात. पावसाळ्यात काढले की ते कुठं ठेवायचे याची सोयच नाही, बंधाऱ्याशेजारी उघड्यावर रास. आमच्या वडिलांच्या वेळी ते पाटलाच्या वाड्यात मोजून ठेवायचे, वहीत सही.

मुख्य गोष्ट वेळेची. परतीचा पाऊस थांबला आणि ओढा चालू आहे तोवर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढं थोडे दिवस, तेवढीच संधी. टेंडर निघून मजूर येईपर्यंत डिसेंबर उजाडतो, तोवर ओढा आटलेला. मग बर्गे घालून फोटो काढतात. बंधारा भरलेला कुठंच नसतो.

जिप_कर्मचारी

खातं कुठलं ते सांगतो. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामं जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडं, त्याच्यावरची छोटी कामं राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडं, हा विभाग २०१७ ला वेगळा झाला. तुमच्या बंधाऱ्याची क्षमता किती ते आधी काढा, बंधाऱ्यावर पाटी असते नाहीतर तालुक्याला यादी असते. हस्तांतरण झालंय असं म्हणत असतील तर हस्तांतरणाचा दस्त मागा, त्यात किती बर्गे दिले तो आकडा असायलाच पाहिजे. दस्त नसेल तर बंधारा अजून त्यांचाच.

जलयुक्त शिवारमध्ये पण हेच झालं. कामं खूप झाली, काही गावांत खरंच पाणी वाढलं, मी बघितलंय. पण २०२० च्या कॅगच्या अहवालात आलं ना, साधारण ९,६३४ कोटी खर्च होऊन देखभालीची व्यवस्थाच नव्हती. बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला नाही.

झाडीपट्टी

आमच्या भंडारा-गोंदियाकडं मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी बांधलेले, शेकडो वर्षांचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि सांभाळणारा कुणीच राहिला नाही. लहान तलाव जिल्हा परिषद, मोठे पाटबंधारे, मासेमारी सोसायटीकडं, पाळीवर अतिक्रमण झालं तर महसूल. गाळ साचला, बेशरम वाढली, देशी मासे कमी झाले. काही गावांत बायकांच्या गटांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती परत लावल्या, तिथं मासे आणि पक्षी दोन्ही आले. गाळ काढणं म्हणजे नुसतं जेसीबीनं खड्डा करणं नाही हे ते लोक सांगतात, उथळ काठ ठेवावा लागतो, मासे तिथंच अंडी घालतात. हे एस्टिमेटमध्ये कुठं बसवायचं हा प्रश्नच आहे.

दोडामार्ग_ते_डिचोली

इकडं तिळारीचं उदाहरण. धरण सिंधुदुर्गात, प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा दोघांचा, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. कालवा दोडामार्गात फुटला की बार्देश-डिचोलीत नळ बंद, आणि आमच्या बागायतीत पाणी घुसतं ते वेगळं. दोन राज्यांची दोन खाती, दुरुस्तीचा खर्च कुणी कधी करायचा यात उन्हाळा जातो.

पंचगंगा_घाट

मळीच्या पाण्याचं. हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. १९७० सालचं मंडळ आहे आपलं, केंद्राचा पाणी कायदा १९७४ ला आला त्याच्या आधीचं. प्रत्येक कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र लागतं, त्यात किती सांडपाणी, प्रक्रिया करून कुठं सोडायचं हे सगळं लिहिलेलं असतं. आधी ते संमतीपत्र बघा, मंडळाच्या साइटवर बरीच असतात. त्यात ओढ्यात सोडायला परवानगीच नसेल तर तुमची तक्रार एका ओळीची होते.

आम्ही पंचगंगेवर वर्षानुवर्षं भांडतोय. २०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथ बघितलेली माणसं आहोत. मेलेले मासे बंधाऱ्याला लागतात, केंदाळ पसरतं, मग अधिकारी येतात, नमुना घेतात, नोटीस निघते, थोडे दिवस बरं असतं. आणि नुसते कारखाने नाहीत, शहरांचं आणि गावांचं सांडपाणी पण थेट नदीत जातं, त्यावर नगरपालिका-ग्रामपंचायतींना कोण जाब विचारणार?

अनुभवाच्या गोष्टी सांगतो. पाणी रात्री सोडतात, अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी येतो तेव्हा ओढा निवळलेला असतो. म्हणून उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या ऑफिसला फोन आणि ईमेल दोन्ही रात्रीच करा, वेळ नोंदली गेली पाहिजे. बाटलीत तुम्ही भरलेलं पाणी कोर्टात चालत नाही, मंडळाच्या माणसानंच नमुना घेऊन, दोन भाग करून, सील करून सह्या घ्यायच्या असतात. पण तुमची बाटली आणि व्हिडिओ अधिकाऱ्याला लवकर यायला भाग पाडतात. नमुना घेताना गावचे दोन जण हजर राहा आणि पंचनाम्याची प्रत मागा. पाणी कायद्याच्या कलम ४९ मध्ये सामान्य माणसाला पण ६० दिवसांची नोटीस मंडळाला देऊन थेट कोर्टात तक्रार करता येते. आमच्याकडं नोटीस दिल्यावर हालचाल झालेली आहे.

शिवारफेरी

@पंचगंगा_घाट दादा, नोटीसचा मसुदा असेल तर इथं टाका ना, खूप जणांना उपयोग होईल. नावं काढून टाका फक्त.

पंचगंगा_घाट

टाकतो दोन दिवसांत.

चारीचं_टोक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी आम्ही सात-आठ जण बसलो मारुतीच्या पारावर, मोबाईलवर हा धागा वाचून दाखवला. लोकांना सगळ्यात जास्त लागलं ते सात नंबरच्या फॉर्मचं. म्हातारी माणसं म्हणाली पूर्वी भरायचो, मग सोडून दिलं.

ठरलं असं की उन्हाळी हंगामाचं प्रकटन निघालं की टेलच्या सगळ्या खातेदारांचे अर्ज एकदम द्यायचे, पोच घ्यायची. पुढच्या आवर्तनाच्या आधी फ्ल्यूम साफ करायचा, त्यासाठी सेक्शनला ठरावाचं पत्र आजच गेलं. पाणी चालू झालं की आमच्यातली दोन पोरं सकाळ-संध्याकाळ पट्टीचं वाचन वहीत लिहिणार आणि निरीक्षकाची सही मागणार. पिण्याच्या विहिरीपासून बोअरांची अंतरं उद्या टेपनं मोजतोय. त्यातले दोन बोअर आमच्याच भावकीतले आहेत, त्यावरून बराच वाद झाला, पण शेवटी सगळेच लिहायचे असं ठरलं. बंधाऱ्याच्या हस्तांतरणाचा दस्त मागितलाय.

काका, फ्ल्यूमचा तक्ता कुठं मिळेल? आणि निरीक्षकानं सही दिली नाही तर काय करायचं?

निवृत्त_शाखा_अभियंता

तक्ता फ्ल्यूमच्या मापाप्रमाणे बदलतो. गळ्याची रुंदी आणि एकूण लांबी मोजून इथं टाका, मी तक्ता काढून देतो. पट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या तळाशी जुळतोय का ते पाणी नसताना पातळी लावून बघा, रंगवताना बऱ्याचदा वर-खाली होतो आणि मग सगळीच वाचनं चुकतात.

सही दिली नाही तर वाचनाचा फोटो वेळेसकट काढा, पट्टी आणि पाणी दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि आवर्तन संपलं की सगळी वाचनं एका पत्रात लिहून उपविभागीय अभियंत्यांना द्या, प्रत कार्यकारी अभियंत्यांना. पत्रात आरोप काही लिहू नका, फक्त तारीख, वेळ, सेंटिमीटर. सोबत त्याच दिवसांची मुख्य कालव्याच्या विमोचकाची (पाणी सोडायच्या दाराची) वाचनं मागा, ती खात्याकडं रोजच्या रोज लिहिलेली असतात. वर किती सोडलं आणि तुमच्या मुखाशी किती आलं हे एकाच कागदावर आलं की फरक कुठल्या दोन चाऱ्यांच्या मध्ये पडतोय ते दिसेल. कालवा सल्लागार समितीची बैठक आवर्तनाच्या आधी होते, त्यात हा कागद मांडायला तुमच्या आमदारांच्या ऑफिसला आधीच सांगून ठेवा.

पाणी वापर संस्थेचं पुढच्या वर्षी बघू. त्याआधी दिंडोरीच्या ताईंच्या संस्थेत दोन माणसं पाठवून त्यांची कोट्याची वही कशी लिहितात ते बघून या.

द्राक्षबाग_दिंडोरी

या नक्की. आवर्तन चालू असताना या म्हणजे मोजणी प्रत्यक्ष बघता येईल. मला मेसेज करा, संस्थेच्या सचिवांशी गाठ घालून देते.